दोन मानवकुलांची भेट

दोन लोकसमाजांची पहिली भेट हा इतिहासांतील मोठ्या कुतूहलाचा विषय आहे. कोलंबसानें अमेरिकेजवळील बेटांवर पाऊल टाकलें, वास्को-द-गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला, त्या प्रसंगांचीं वर्णनें उपलब्ध आहेत. मात्र तीं बहुधा येणाऱ्या पक्षानेंच लिहून ठेविलेलीं आहेत. याहून कितीतरी जुनी आणि कितीतरी अधिक महत्त्वाची अशी एक भेट मानवजातीच्या आयुष्यांत घडून गेली. तिचें वर्णन कोणत्याच पक्षानें लिहिलेलें नाहीं. कारण लेखनकलेचा जन्म होण्यास तेव्हां ४०,००० हून अधिक वर्षें अवकाश होता. आफ्रिकेंतून निघालेला आजचा मानव आणि युरोप व पश्चिम आशिया येथें पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेला निअँडरथल मानव यांची ती भेट होय. आज पृथ्वीवर मानवाची एकच जाति आहे. त्या काळीं एकाहून अधिक होत्या. मग दुसरीचें काय झालें, आणि पहिलीचा त्यांत कितपत हात होता, हा प्रश्न गेलीं दीडशेंहून अधिक वर्षें विद्वानांपुढें आहे. त्याचें जें उत्तर प्रथम दिलें गेलें आणि जें आज हातीं येत आहे, त्या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

या कथेचा पहिला धागा हातीं लागला तो जर्मनींत. डुसेलडॉर्फ शहराजवळ निअँडर नांवाचें एक अरुंद खोरें होतें. तेथील चुनखडीच्या खाणींत इ. स. १८५६ च्या ऑगस्ट महिन्यांत मजूर एका गुहेंतील चिखल उपसून खालीं टाकीत असतां त्यांना कांहीं जाड हाडें आणि कवटीचा वरचा भाग सांपडला. तीं अस्वलाचीं हाडें असावींत अशी प्रथम समजूत झाली. पुढें तीं योहान कार्ल फुलरॉट या शाळामास्तरांच्या हातीं आलीं. भुवयांवरील हाडाचा जाड कंगोरा आणि मागें उतरत गेलेलें कपाळ पाहून त्यांनीं ओळखलें कीं, हा माणूसच आहे, पण आजच्यासारखा नव्हे. बॉन येथील हेरमान शाफहौसेन यांच्या साह्यानें १८५७ सालीं हा शोध विद्वानांपुढें मांडण्यांत आला. डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ निघण्यास अद्याप दोन वर्षें होतीं, आणि विद्वानांना ही कल्पना सहजासहजीं रुचली नाहीं. एका प्राध्यापकानें असा तर्क लढविला कीं, १८१४ सालीं नेपोलियनच्या सैन्याच्या पाठलागावर असलेल्या एखाद्या आजारी कझाक स्वाराचीं हीं हाडें असावींत. रुडोल्फ फिर्खो यांच्यासारख्या थोर वैद्यकशास्त्रज्ञानेंही त्यांत केवळ रोगाचीं चिन्हें पाहिलीं. अखेर १८६४ सालीं गॉलवे येथील प्राध्यापक विल्यम किंग यांनीं या मानवास स्वतंत्र जातीचें नांव दिलें, आणि त्या खोऱ्याचें नांव त्यास कायमचें चिकटलें.

त्यानंतर चारच वर्षांनीं, १८६८ सालीं, फ्रान्सच्या दॉर्दोन्य प्रांतांत आगगाडीच्या रस्त्याचें काम चालू असतां क्रो-मान्यों नांवाच्या खडकाच्या कपारींत निराळेच सांगाडे निघाले. त्यांचें कपाळ उंच होतें, हनुवटी स्पष्ट होती, आणि त्यांच्यासोबत भोंकें पाडलेले शंखशिंपले होते. हा पुरातन मानव सर्वतोपरी आजच्या माणसासारखाच होता. साहजिकच दोघांची तुलना सुरू झाली. १९०८ सालीं फ्रान्समध्येंच ला शापेल-ओ-सँ येथें एका वयस्क निअँडरथलाचा बराचसा पूर्ण सांगाडा मिळाला. पॅरिसचे मार्सेलँ बूल यांनीं पुढील कांहीं वर्षांत त्याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत तो गुडघ्यांत वांकून, मान पुढें काढून चालणारा, मंदबुद्धि, अर्धवट वानर असा दिसत होता. युरोपीय राष्ट्रें त्या काळीं इतर खंडांवर राज्य करीत होतीं. श्रेष्ठ आला आणि कनिष्ठ नाहींसा झाला, ही उपपत्ति त्या काळच्या मनाला फार सोयीची होती. पाठ्यपुस्तकांतून आणि चित्रांतून तीच रूढ झाली. १९५७ सालीं दोन शरीरशास्त्रज्ञांनीं तो सांगाडा पुन्हां तपासला, तेव्हां असें दिसून आलें कीं, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यास संधिवातानें ग्रासलें होतें. एका आजारी माणसाच्या वांकलेल्या पाठीवरून एका सबंध मानवकुलाची योग्यता ठरविली गेली होती.

वस्तुतः निअँडरथल हा मंदबुद्धि होता असें मानण्यास आधार नाहीं. त्याच्या मेंदूचें आकारमान आजच्या मानवाच्या मेंदूहून कमी नव्हतें. स्पेनपासून सैबेरियांतील अल्ताई पर्वतापर्यंत त्याचा संचार होता, आणि हिमयुगाचे अनेक फेरे त्यानें सोसले होते. तो अग्नि बाळगी, रेनडिअर व रानबैल यांसारखीं मोठीं जनावरें मारी, बर्च झाडाच्या सालीपासून चिकट राळ काढून दगडी पातीं लांकडी दांड्यांस बसवी. क्रोएशियांतील क्रापिना येथें सुमारें १,३०,००० वर्षांपूर्वींचे गरुडाचे पंजे सांपडले आहेत. त्यांवरील चरे व घासल्याच्या खुणा ते दागिन्यासारखे वापरले गेल्याचें सुचवितात. फ्रान्समधील ब्रुनिकेल गुहेंत तोंडापासून ३०० मीटरांहून अधिक आंत, जेथें सूर्यप्रकाशाचा लवलेशही पोहोंचत नाहीं, तेथें चुन्याच्या खांबांचे सुमारें ४०० तुकडे तोडून वर्तुळाकार रचलेले आहेत. ती रचना १,७६,००० वर्षांहून जुनी आहे, आणि त्या वेळीं युरोपांत निअँडरथलाखेरीज दुसरा कोणी ती करण्यास नव्हता. इराकमधील शानिदार गुहेंत राल्फ सोलेकी यांना १९५७ सालीं एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याच्या डाव्या डोळ्याजवळचें हाड पूर्वीं केव्हां तरी चेंचलें गेलें होतें, उजवा हात वाळून निकामी झाला होता, आणि तरीही या जखमा भरून आल्यानंतर तो कित्येक वर्षें जगला. शिकारीवर जगणाऱ्या टोळींत असा मनुष्य दुसऱ्यांच्या आधारावांचून जगणें शक्य नव्हतें.

अशा या लोकांच्या प्रदेशांत आजचा मानव आला. तो एकदांच आला, मोठ्या संख्येनें आला आणि आला तो जिंकीतच आला, अशी जी कल्पना होती तिला पहिला धक्का बसला तो आजच्या इस्राएलमधील कार्मेल पर्वताच्या परिसरांत. तेथील गुहांचें उत्खनन १९२९ ते १९३४ या काळांत डॉरोथी गॅरॉड यांच्या नेतृत्वाखालीं झालें. या विदुषी पुढें केंब्रिज विद्यापीठांतील पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. एका गुहेंत निअँडरथल, तर जवळच्याच स्खूल गुहेंत आजच्या मानवाचे सांगाडे निघाले. नाझरेथजवळच्या काफ्झे गुहेंतही आजचाच मानव सांपडला. अर्थात् निअँडरथल आधींचा व हा नंतरचा, असें सर्वांनीं गृहीत धरलें. परंतु पुढें भाजलेल्या चकमकीच्या दगडाचें वय काढण्याची रीत निघाली. असा दगड पुन्हां तापविला असतां जो मंद प्रकाश देतो, त्याच्या मोजमापावरून तो पूर्वीं केव्हां भाजला गेला हें समजतें. या रीतीनें १९८७ व १९८८ सालीं जें उत्तर आलें त्यानें क्रमच उलटा केला. काफ्झेचा मानव ९०,००० वर्षांहून जुना, आणि कार्मेलवरील केबारा गुहेंतला निअँडरथल सुमारें ६०,००० वर्षांपूर्वींचा ठरला. त्याच पर्वतावरील मिस्लिया गुहेंत मिळालेला आजच्या मानवाचा जबडा तर पावणेदोन लाख वर्षांच्या आसपासचा असल्याचें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. तात्पर्य, आजचा मानव आफ्रिकेच्या उंबरठ्याबाहेर एकाहून अधिक वेळां आला, आणि त्या भूमींत पुढें निअँडरथलच वावरूं लागला. पहिल्या फेऱ्यांत विजय झाला असेल तर तो कोणाचा, हें यावरून उघड आहे.

युरोपांतही हेंच घडलें असावें असें अलीकडील उत्खननें सांगतात. फ्रान्समध्यें ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत मॉन्द्रँ नांवाची एक कपार आहे. लुदोविक स्लिमाक यांनीं तेथें थरावर थर उकलीत काम केलें. निअँडरथलांच्या थरांच्या मधोमध एक निराळाच थर लागला. त्यांत बोटाच्या पेराएवढीं व त्याहूनही बारीक अशीं टोंकदार पातीं होतीं, आणि त्यांच्यासमवेत एका बालकाचा दुधाचा दांत होता. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा दांत आजच्या मानवाचा, सुमारें ५४,००० वर्षांपूर्वींचा आहे. त्याच्या वरच्या थरांत मात्र पुन्हां निअँडरथलांचींच हत्यारें व अस्थि आहेत. आलेली टोळी कांहीं काळ राहिली आणि नाहींशी झाली. घर पुन्हां जुन्या धन्याकडे गेलें.

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतांत रानिस येथें एका किल्ल्याच्या पायथ्याशीं गुहा आहे. तेथें १९३० नंतरच्या दशकांत पानाच्या आकाराचीं दगडी पातीं निघालीं होतीं. तशींच पातीं पोलंडपासून इंग्लंडपर्यंत आढळतात, आणि तीं निअँडरथलांचीं असावींत असा अनेकांचा समज होता. २०१६ ते २०२२ या काळांत तेथें पुन्हां, सुमारें ८ मीटर खोल, उत्खनन झालें. सांपडलेल्या हाडांचे तुकडे इतके बारीक होते कीं त्यांतील प्रथिनें तपासूनच माणसाचे कोणते व जनावराचे कोणते हें ठरवावें लागलें. २०२४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, तीं आजच्या मानवाचीं हाडें असून त्याची तेथील वस्ति सुमारें ४७,५०० वर्षांपूर्वीं सुरू झाली. त्या वेळीं तेथील हवामान आजच्या मानानें ७ ते १५ अंशांनीं थंड होतें. उष्ण देशांतून आलेला मानव ऊब शोधीत दक्षिणेकडेच घुटमळत राहिला असावा, ही समजूतही त्यामुळें मागें पडली. निअँडरथल युरोपांतून दिसेनासा झाला तो सुमारें ४०,००० वर्षांपूर्वीं. म्हणजे कांहीं हजार वर्षें हीं दोन्ही मानवकुलें एकाच खंडांत होतीं. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत साडेतीन शतकें लोटलीं. तसे कित्येक कालखंड एकापुढें एक मांडल्यावर त्या सहवासाची कल्पना येऊं शकेल.

या दीर्घ काळांत त्यांचा एकमेकांशीं कसा संबंध आला, हें दगडी हत्यारें सांगूं शकत नाहींत. तें सांगितलें हाडांत टिकून राहिलेल्या आनुवंशिक द्रव्यानें. स्वांते पेबो या स्वीडिश शास्त्रज्ञानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं निअँडर खोऱ्यांतील त्या मूळ हाडांतूनच हें द्रव्य मिळविलें. तें केवळ आईकडून मुलांकडे जाणारें होतें, आणि आजच्या कोणत्याही माणसाशीं तें जुळेना. त्यावरून दोन्ही कुलें कधीं मिसळलींच नाहींत असें वाटूं लागलें. परंतु लाइपझिग येथील संस्थेंत त्यांनीं पुढें संपूर्ण जनुकसंच जुळविण्याचें काम हातीं घेतलें, आणि २०१० सालीं उलट उत्तर दिलें. आफ्रिकेबाहेरील आजच्या लोकांच्या अंगीं निअँडरथलाचा अंश आहे, आणि तो १ ते २ टक्क्यांच्या सुमारास भरतो, असें आज मानलें जातें. पेबो यांना या कार्याबद्दल २०२२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा संबंध किती जवळचा होता याचा पुरावा रुमानियांतील एका गुहेनें दिला. पेश्तेरा कु ओआसे या नांवाच्या त्या गुहेंत २००२ सालीं आजच्या मानवाचा सुमारें ४०,००० वर्षांपूर्वींचा जबडा सांपडला. संकरानंतर निअँडरथल अंशाचे तुकडे पिढीगणिक लहान होत जातात. म्हणून तुकडा जितका लांब तितका तो पूर्वज जवळचा. या जबड्याच्या धन्याच्या अंगीं ६ ते ९ टक्के निअँडरथल अंश होता, आणि तुकडे इतके लांब होते कीं, त्याच्या अवघ्या ४ ते ६ पिढ्या मागें एक निअँडरथल पूर्वज असला पाहिजे, असें २०१५ सालीं ठरलें. बल्गेरियांतील बाचो किरो गुहेंत राहणाऱ्या सुमारें ४५,००० वर्षांपूर्वींच्या माणसांचाही निअँडरथल पूर्वज अशाच थोड्या पिढ्यांमागचा होता. शिवाय आफ्रिकेबाहेरील सर्व लोकांत जो समान अंश आढळतो, तो सुमारें ४७,००० वर्षांपूर्वींच्या आगेंमागें झालेल्या मिश्रणांतून आला असल्याचें २०२४ सालच्या दोन अभ्यासांनीं दाखविलें. त्या माणसांनीं एकमेकांस केवळ दुरून पाहिलें नव्हतें. त्यांचीं मुलें झालीं, तीं वाढलीं आणि त्यांनाही मुलें झालीं. तीं मुलें प्रीतीचीं होतीं कीं जबरदस्तीचीं, हें मात्र आनुवंशिक द्रव्य सांगत नाहीं.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. रानिस गुहेंतील सहा माणसांचें आनुवंशिक द्रव्य वाचतां आलें. त्यांत एक माता व तिची कन्या होती. चेक देशांतील झ्लाती कून येथील गुहेंत १९५० सालीं सांपडलेल्या एका स्त्रीशींही त्यांचें दूरचें रक्ताचें नातें निघालें, जरी दोन्ही स्थळांत सुमारें २३० किलोमीटरांचें अंतर आहे. ते लोक वर्णानें काळे होते, आणि त्यांच्या सबंध समाजांत कांहीं शेंच माणसें असावींत. हिमयुगांतील त्या विस्तीर्ण माळरानांवर एवढ्याच संख्येनें ते दूरवर पसरले होते. पण आजच्या कोणत्याही लोकांत त्यांचा वंश उरलेला नाहीं. ओआसेच्या मनुष्याच्या वंशाचीही तीच गति झाली. ज्यांना विजेते म्हणून रंगविलें गेलें, त्यांपैकीं पहिले कित्येक निअँडरथलांप्रमाणेंच काळाच्या उदरांत गडप झाले. आजच्या युरोपीय लोकांचे पूर्वज बहुतांशीं त्यांच्या मागून आलेले आहेत.

मग निअँडरथल नाहींसा कां झाला? सर्रास कत्तल झाल्याचा निर्णायक पुरावा कोठेंही मिळालेला नाहीं. जें दिसतें तें हें कीं, त्यांची संख्या अगोदरच फार थोडी होती. अल्ताई पर्वतांतील चागिर्स्काया गुहेंतील निअँडरथलांच्या २०२२ सालच्या अभ्यासांत एक पिता व त्याची उपवर कन्या ओळखतां आली, आणि तेथील टोळी दहा-वीस माणसांचीच असावी असें अनुमान निघालें. मॉन्द्रँ कपारींतच मिळालेल्या दुसऱ्या एका निअँडरथलाचें कुल इतर निअँडरथलांपासून जवळजवळ ५०,००० वर्षें वेगळें पडलें होतें, असें २०२४ सालीं दिसून आलें. अशा तुटक टोळ्यांत जवळच्या नात्यांत शरीरसंबंध होतात, दुर्बलता वाढते. एखादें वाईट साल, एखादी सांथ, जन्मांतील थोडी घट हीं सबंध कुलाच्या नाशास पुरीं होतात. त्या काळीं हवामानही वारंवार आणि झपाट्यानें पालटत होतें. त्यांत शिकारीच्या त्याच रानांत दुसरा वांटेकरी आला. त्याच्या टोळ्याही लहानच, पण त्यांचें एकमेकांशीं दळणवळण अधिक असावें. आणि एक टोळी संपली तरी मागून दुसरी येत होती. एवढा फरक कांहीं हजार वर्षांत निर्णायक ठरण्यास पुरेसा आहे. त्यासाठीं एकाला देव आणि दुसऱ्याला पशु ठरविण्याचें कारण नाहीं.

या दूरच्या कथेचा भारताशीं काय संबंध, असें कोणास वाटेल. भारताच्या भूमींत निअँडरथलाचीं हाडें निर्विवादपणें मिळालेलीं नाहींत. पण भारतीयांच्या देहांत त्याचा अंश आहे. २,७०० हून अधिक भारतीयांच्या जनुकसंचांचा जो अभ्यास २०२५ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत निअँडरथल अंशांची विविधता जगांतील इतर लोकांपेक्षां येथें अधिक असल्याचें आढळलें. या वारशाचें मोल किती प्रत्यक्ष आहे, हें कोविडच्या सांथींत दिसलें. त्या रोगाचें स्वरूप गंभीर होण्याचा धोका वाढविणारा एक अंश तिसऱ्या गुणसूत्रावर असून तो क्रोएशियांतील विंदिया गुहेंतल्या निअँडरथलाच्या अंशाशीं जुळतो, असें हुगो सेबेर्ग व पेबो यांनीं २०२० सालीं दाखविलें. दक्षिण आशियांतील सुमारें निम्मे लोक तो बाळगतात. युरोपांत हें प्रमाण १६ टक्क्यांच्या जवळपास आहे. उलट बाराव्या गुणसूत्रावरील दुसरा एक निअँडरथल अंश त्याच रोगापासून कांहींसें रक्षण करतो, हेंही पुढच्याच वर्षीं उघड झालें. पुण्या-मुंबईच्या इस्पितळांत त्या दिवसांत जे रोगी खाटेवर पडले होते, त्यांतील कित्येकांच्या बरेवाईटपणांत ४७,००० वर्षांपूर्वींच्या त्या भेटीचाही थोडा वांटा होता.

निअँडर खोऱ्याची ती मूळ गुहा आज उरलेली नाहीं. चुनखडीसाठीं सबंध डोंगरच फोडून नेण्यांत आला. मजुरांनीं १८५६ सालीं खालीं फेकलेला चिखल मात्र तेथेंच मातीखालीं पडून होता. १९९७ सालीं व पुन्हां २००० सालीं दोन संशोधकांनीं ती जागा हुडकून काढली आणि तो चिखल चाळला. त्यांत हाडांचे कांहीं तुकडे मिळाले. त्यांपैकीं एक तुकडा बॉनच्या संग्रहालयांत जपून ठेविलेल्या त्या मूळ मांडीच्या हाडाशीं लावून पाहिला, तेव्हां तो त्याच्या तुटलेल्या कडेस बरोबर बसला.